पडद्यावरच्या दोन बहिणी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी धुळ्याला नोकरीला होतो आणि तिथल्या फिल्म सोसायटीचा चिटणीसही होतो. रविवारी सकाळी देवपुरातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमायची. परदेशी चित्रपटांची भाषा बहुतेकांना कळत नसे. म्हणून फिल्मच्या डब्यासोबत आलेल्या इंग्रजी कागदावरून मी मराठीत गोष्ट लिहून काढायची आणि आधी ती वाचून दाखवायची, शेवटासकट, अशी आमची पद्धत होती. शेवट आधी कळला म्हणून कोणी कधी तक्रार केली नाही. कचेरीत मी पावसाच्या नोंदी ठेवायचो, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत. त्यामुळे मी वाचतो ते बरोबरच असणार, असं सगळे धरून चालत.

एकदा एका मोठ्या चित्रपटाबरोबर अमेरिकेतला एक लघुपट आला. एका काळ्या बाईने स्वतःच उभा केलेला. दोन काळ्या बायका, वय पन्नाशीच्या पुढे, कपडे धुण्याचं दुकान चालवतात. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की त्या एकमेकींच्या प्रेमात आहेत आणि वीस वर्षं एकत्र राहतात. पुढे असंही होतं की जुन्या चित्रपटांत काळ्या बायका फक्त मोलकरणी म्हणून दिसल्या आणि नामावलीत त्यांची नावंही आली नाहीत.

आमच्या अध्यक्षांना, आबांना, मी तो कागद दाखवला. ते अहिराणीत म्हणाले, "हाई बठ्ठं वाचू नको, भाऊ. हॉल कॉलेजना शे."

मी वाचलं, "ही दोन बहिणींची गोष्ट आहे." नामावलीचा परिच्छेद गाळला.

तिसऱ्या रांगेत खिडकीशी नेहमीच्या दोघी बसल्या होत्या. एक शाळेत शिक्षिका, दुसरी दवाखान्यात नर्स. देवपुरातच दोन खोल्यांत एकत्र राहायच्या. गल्लीत त्यांना बहिणी म्हणत. त्या बहिणी नव्हत्या, हे सभासद-अर्जांवरून मला माहीत होतं. पडद्यावर एक बाई दुसरीचे केस विंचरत होती, मग तिने वाकून तिच्या मानेवर ओठ टेकले. हॉलमध्ये कोणीतरी खाकरलं.

बाहेर पायऱ्यांवर नर्स मला म्हणाली, "भाऊ, तुमच्या बहिणी फारच प्रेमळ हो."

"गप गं," शिक्षिका म्हणाली.

"कागदावर तसंच होतं," मी म्हणालो.

त्या आठवड्यात कागद डब्याबरोबर परत गेला.

पुढे माझी जळगावला बदली झाली. सोसायटी बंद पडली, तिची नोंदवही माझ्याकडेच राहिली. नऊ वर्षांनी एके दुपारी शिक्षिका घरी आल्या. त्यांना मी एकटं कधी पाहिलंच नव्हतं. नर्स गेल्याला तीन महिने झाले होते, हे त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं. पत्नीने चहा ठेवला.

"त्या कागदावर खरंच बहिणी असं होतं का हो?" त्यांनी विचारलं. "आमचं यावरून कायम भांडण. ती म्हणायची, भाऊंनी बदललं. मी म्हणायची, तो माणूस पावसाचा थेंबसुद्धा चुकवत नाही, तो कशाला बदलेल? शेवटच्या आजारपणातही तिने हा विषय काढला. मी तुमचीच बाजू घेतली."

मी खरं सांगितलं. कागदावर काय होतं ते, आठवलं तेवढं सगळं, नामावलीच्या परिच्छेदासह.

त्यांनी कप बशीत ठेवला. "तिला एकदा तरी 'तुझं बरोबर' म्हणायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "नाव काय होतं त्या लघुपटाचं? आणि त्या बाईचं, जिने तो केला?"

मी वही काढली. पान सापडलं. माझ्याच अक्षरात होतं: लघुपट, अमेरिका, कृष्णधवल, चोवीस मिनिटं, उपस्थिती एकेचाळीस. नावाच्या रकान्यात मी आडवी रेघ मारली होती. कॉलेजकडून कोणी वही तपासायला मागितली तर अडचण नको, म्हणून.

वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एकेचाळीसच्या आकड्यावर बोट ठेवलं. "यात आम्ही दोघी आहोत ना?"

"आहात," मी म्हणालो. त्या दिवशी डोकी मी स्वतः मोजली होती.