चार तारांची गिटार

स्टेजच्या कडेला छोटंसं काहीतरी काढ, असं बाई मला दोनदा बोलल्या होत्या. ऐकलं मी. पण आमच्या जूचंद्र गावात रांगोळी म्हणजे बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं एवढी काढायची, कडेला छोटंसं तर जेवणाच्या ताटाभोवती काढतात. म्हणून मी स्टेजच्या बरोबर मध्ये काढली. आठ हात लांब गिटार.

मी सातवीपर्यंत शिकलेली, मुलगी तेव्हा आठ महिन्यांची, सासूकडे ठेवलेली, आणि गावाबाहेरचं हे पहिलंच काम. वसईतल्या एका चर्चचा हॉल. कार्यक्रम ठेवणाऱ्या बाई संगीत शिकवायच्या. एक जण गाणार, एक जण गिटार वाजवणार, माईक नाही, तबला नाही, काही नाही. गाणारा टेनर आहे, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज, असं बाईंनी समजावलं. मी मान हलवली, डॉक्टरसमोर हलवते तशी.

संध्याकाळी दोघे आले. गिटारवाला रांगोळीकडे बघतच राहिला. मी पदर नीट केला, म्हटलं आता कौतुक येतंय.

"ताई, तारा चारच?"

"किती असतात?"

"सहा."

"दोन आत आहेत," मी बोलले. आत म्हणजे कुठे, देवाला ठाऊक.

गाणारा खदाखदा हसला, हसता हसता श्वास आत ओढला आणि खोकायलाच लागला. वर पंखा गरगरत होता, रंगाची धूळ सगळ्या स्टेजवर. मी धावत जाऊन पंखा बंद केला. तो पाणी प्यायला, एक सूर वर नेला, मध्येच फाटला. परत नेला, परत फाटला.

"तुम्ही जरा लांब, कडेला उभं राहून गाता का?" बाईंनी विचारलं.

"कुठेही उभा राहिलो तरी हवा तीच ना. राहू दे हो, एवढी मेहनत केलीय ताईंनी. सांभाळून घेतो मी."

बाहेर लोक जमायला लागलेले. यांच्यासमोर याचा आवाज फाटला तर धूळ होती असं कोण म्हणणार, याला गाताच येत नाही म्हणतील, आणि ते माझ्यामुळे. पुढे मी सगळ्यांना सांगायचे, मन मोठं केलं मी. कसलं मोठं, घाबरले होते नुसती. झाडूनं काढली तर अजून उडणार, म्हणून पिशवीत चुकून आलेलं मुलीचं दुपटं ओलं केलं आणि पाच तासांची गिटार दहा मिनिटांत पुसली. बाईही पदर खोचून शेजारी पुसायला बसल्या. त्याचीच जास्त भीती वाटली.

गाणी बाहेरच्या देशातली, एक अक्षर कळलं नाही. तो सूर वर न्यायला लागला की दाराशी उभी राहून मी श्वास धरायचे, जसं काय मलाच गायचंय. नाही फाटला. एकदाही नाही. पण त्याच्या काळ्या बुटाला माझा गुलाबी रंग लागला होता, कुणाला दिसतोय की काय म्हणून सगळा कार्यक्रम मी बूटच बघितला.

घरी सासू मुलीला मांडीवर घेऊन बसलेली.

"केवढी काढलीस?"

"आठ हात."

"कोनी कोनी बघितली?"

"तिघांनी."

"आनि पोरीचं दुपटं गुलाबी कशानं झालं?"

मी मुलीला उचललं आणि दूध पाजायला आत पळाले.