कासम खाटकाची किळस

आष्टीच्या बाजारात कासम खाटकाचं दुकान होतं. निजामाच्या अमलात कचेरीतल्या अंमलदारांकडंही त्याच्याच दुकानाचं मटण जाई. रक्तामांसाची त्याला कधी किळस आली नव्हती. ती आली एका उन्हाळ्यात, हैदराबादेहून आलेल्या गोऱ्या साहेबाच्या छावणीवर.

साहेब पाखरं मारून त्यांची कातडी जमवायचा. कासमचा हात हलका, म्हणून सोलायला त्याला बोलावलं. टिटवीच्या दोन जाती शेजारीशेजारी ठेवून साहेबाला ताडून बघायच्या होत्या. एक तळ्याकाठची : डोळ्यापुढं तांबडा मांसल पट्टा, छाती काळी, आवाज कर्कश. दुसरी कोरड्या माळावरची : पट्टा पिवळा नि लोंबता, डोक्यावर काळी टोपी, छाती मातकट, आवाज बारीक. साहेब मोडक्या उर्दूत मन लावून फरक सांगे. पहिल्या दिवशी कासमलाही मौज वाटली.

मग ढीग वाढत गेला. कातड्याला आतून विषारी सोमल चोळायचा, कापूस भरायचा, मांस तंबूमागच्या खड्ड्यात फेकायचं. खड्ड्यावर माश्या घोंगावत. त्या वासानं कासमला घास उतरेना.

"खायचं न्हाई, तर मारायचं कावून?" त्यानं छावणीवरच्या शिपायाला, धुळाजीला विचारलं.

"साहेबाचा शौक हाय. गप सोल बे."

शेवटी माळटिटवीची मादी तेवढी हवी होती; ती माळावर अंड्यांवर बसलेली सापडली. माणसं पाहताच ती पंख ओढत, लंगडल्याचं सोंग करत, त्यांना अंड्यांपासून दूर नेऊ लागली.

"तळ्याकाठचीही असंच करते!" साहेब खूश होऊन म्हणाला आणि त्यानं बार काढला.

पाखरू मेलं नव्हतं. साहेबानं ते कासमच्या हातात दिलं. "सुरी नको, पिसं खराब होतील. मरेपर्यंत अंगठ्यांनी छाती दाबून धर."

बोटांखाली ते इवलं काळीज धडधडत होतं. कासमनं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली.

पांढऱ्या पोटावर रक्त पसरलं. साहेब भडकला. "वाया घालवलीस! आता दुसरी मारावी लागणार."

ते ऐकून कासम तिथंच भडाभडा ओकला आणि पायीच घरी निघाला. बायकोनं, रहेमतबीनं, हातावर पाणी घातलं. राखेनं घासले तरी हातांचा वास जाईना.

छावणीला मटण पुरवायचं काम दुसऱ्या खाटकाकडं गेलं, पाठोपाठ कचेरीचंही. बाजारात लोक टोमणे मारत, "बकरी कापतोस, अन् टिटवीचा लई पुळका?"

कासम पचकन थुंके. "मी लोकांच्या पोटासाठी कापतो. धारदार सुरीनं. जीव दाबत बसत न्हाई."