साहेबांनीही वर्गात बसायचं

दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसणाऱ्या बाईला जगातल्या यच्चयावत सबबी फुकटात ऐकायला मिळतात. पाहुणे आलेत. गाडी पंक्चर झाली. दुखायचं आपोआप थांबलं. सासरे वारले. एका गृहस्थांचे सासरे तर दोनदा वारले. उद्याबाईंनी दोन्ही वेळा मनापासून हळहळ व्यक्त केली आणि पुढच्या मंगळवारची वेळ दिली.

उद्याबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दुसऱ्या दिवशीच्या पेशंटना फोन लावून "उद्या येताय ना?" असं विचारायचं, हे त्यांचं काम. धाकट्या नणंदेने ते एकदा ऐकलं आणि घरात नाव पडलं. घरातून ते दवाखान्यात गेलं आणि मग डॉक्टरही तेच म्हणू लागले.

इतकी वर्षं फोन केल्यावर त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. टाळणारा माणूस आळशी नसतो, घाबरलेला असतो. त्याच्यावर ओरडलं की तो आणखी टाळतो. "नुसते येऊन खुर्चीत बसा, तोंड उघडू नका," म्हटलं की येतो. आणि एकदा खुर्चीत बसलेला माणूस तोंड न उघडता सहसा परत जात नाही.

एवढ्याच भांडवलावर नणंद-भावजयींनी चालढकलीवरचा कोर्स काढला. नणंदेने आधी विमा विकलेला, त्यामुळे तिची जीभ बंद दारातूनही आत जायची. संस्थांना गाठायचं, "जागा तुमची, माणसं तुमची, वर्ग आमचा" असं पटवून करार करायचा, हे तिचं खातं. वर्ग उद्याबाईंचा. नियम एकच: रखडलेलं काम सोबत आणायचं आणि तिथेच सुरू करायचं. भाषण नाही की टाळ्या नाहीत.

एका वाचनालयाने त्यांना बोलावलं, मग एका शिवणकाम संस्थेने. आणि मग खिडक्या-दारं बनवणारी ती कंपनी गळाला लागली. एका कचेरीतला कोर्स तिथल्या साहेबांना पसंत पडला, तर बाकीच्या सगळ्या शाखाही मिळणार होत्या. उद्याबाईंनी दवाखान्यातून रजा घेतली. डॉक्टर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत तुमची जागा ठेवतो. नंतर दुसरी बाई बघावी लागेल." म्हणजे ही कंपनी हाती लागली तर ठीक, नाहीतर पुन्हा ते काउंटर आणि दोनदा वारणारे सासरे.

पहिल्या दिवशी साहेबांनी वर्गाच्या दारात उभं राहूनच ओळख करून दिली. "ही आमची रत्नं. निवडून निवडून दिलीत तुम्हाला. जरा हलवा यांना." आणि गेले.

काचेचे नमुने ठेवायच्या खोलीत रत्नं बसली होती. दाढीवाल्या ड्राफ्ट्समनने एका दाराचा नकाशा टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर हँडलं ठेवली, पेन्सिल कानावरून काढली आणि पुन्हा कानावर ठेवली.

"करा की सुरू," उद्याबाई म्हणाल्या.

"सुरू करायला काय, बाई, मी चारदा केलंय. हे दार आधी उजवीकडे उघडत होतं. मग डावीकडे. मग सरकतं झालं. परवा साहेब म्हणाले, बघू, तिथे भिंतच ठेवू."

खोलीत खसखस पिकली. स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंनी पर्समधून काचेभोवती लावायच्या रबराच्या पट्टीचे दोन तुकडे काढून टेबलावर टाकले. "माझं तर ह्याहून सोपंय. काळी की करडी, एवढंच सांगायचंय साहेबांनी. गिऱ्हाईक रोज फोनवर माझा उद्धार करतंय."

"विचारलंत का?"

"रोज विचारते. 'बघू' म्हणतात."

"आणि न विचारता मागवली तर?"

"मागवली होती एकदा. सगळ्यांसमोर सोलून काढलं मला. आता मी हाताची घडी घालून बसते. ऑफिसात मला म्हणतात मैना. एकच बोलते, साहेब बघतो म्हणालेत."

प्रत्येकाचं काम निघालं आणि प्रत्येक काम त्याच 'बघू'पाशी येऊन अडकलं. उद्याबाईंनी सगळ्यांचे चेहरे नीट न्याहाळले. फोनवर ऐकू यायची ती भीती इथे कुठे सापडेना. चारदा पुसलेलं काम पाचव्यांदा हातात घ्यायला माणूस का धजत नाही, हे कळायला काही कोर्स लागत नाही.

त्या उठल्या आणि थेट केबिनमध्ये गेल्या. नणंद आधीपासूनच तिथे बसून बाकीच्या शाखांबद्दल गोड बोलत होती.

"साहेब, वर्गात एक माणूस कमी आहे."

"कोणी दांडी मारली?"

"तुम्ही."

नणंदेने टेबलाआडून असा चिमटा काढला की उद्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब हसले. "बाई, मी तुम्हाला त्यांना सुधारायला बोलावलंय."

"शेजाऱ्याला डॉक्टरकडे पाठवून आपली दाढ बरी होत नाही, साहेब."

"साहेब, वहिनीला म्हणायचंय की—" नणंद घाईने म्हणाली.

"वहिनीला जे म्हणायचं होतं ते वहिनीने म्हटलंय."

"मला शंभर व्याप आहेत," साहेबांचं हसू आता आटलं होतं.

"मला हेच सांगायचे सगळे फोनवर. सासरे वारण्याच्या खालोखाल हेच चालायचं."

साहेबांनी समोरची फाइल उघडली. म्हणजे संभाषण संपलं. "वर्ग घ्या तुमचा. शाखांचं बघू."

उद्याबाई परतल्या. एक खुर्ची ओढून त्यांनी टेबलाच्या टोकाला मांडली. "ही साहेबांची. ते येईपर्यंत कोणी काही करायचं नाही."

"बाई, आमच्या पोटावर पाय येईल," ड्राफ्ट्समन म्हणाला.

"माझं नाव सांगा. खुशाल सांगा, त्या बाईने बसवून ठेवलं."

मग सगळे बसून राहिले. बाहेर टेबलांवर फोन वाजत होते, वाजून वाजून गप्प होत होते. दाराशी उभी असलेली नणंद ओठांतल्या ओठांत बहुधा वहिनीच्या माहेरचा उद्धार करत होती.

शेवटी साहेब आलेच. "फोन कोण उचलणार? काय तमाशा आहे हा?"

"तुमच्यासाठी थांबलोय. बसा."

साहेब बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. स्टोअरच्या बाई उठल्या, दोन्ही पट्ट्या हातात धरून.

"साहेब, काळी की करडी?"

"बघू."

रोज 'बघू' म्हटलं की त्या वळून निघून जायच्या. आज गेल्या नाहीत. उद्याबाईंच्या जिभेवर दहा वाक्यं आली, ती त्यांनी सगळी गिळली.

"काळी," साहेब म्हणाले.

ड्राफ्ट्समनने लगेच नकाशा पुढे सरकवला. "आणि दार?"

"आता सगळं एकदम—"

"एकच दार आहे, साहेब."

"उजवीकडे."

"पेनाने काढू?"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे. "काढा." आणि उद्याबाईंकडे वळून म्हणाले, "तुमचा आमचा करार संपला. बाकीच्या शाखा विसरा."

"हे बरं लगेच ठरवलंत," उद्याबाई म्हणाल्या आणि पर्स उचलली. ड्राफ्ट्समनने मान वर केली नाही. तो पेनाने रेघ ओढत होता.

बाहेर पायऱ्यांवर नणंदेचा बांध फुटला. "हातातोंडाशी आलेला घास, वहिनी. दोन मिनिटं गोड बोलली असतीस तर तुझी जीभ झडली असती का?"

"झडली नसती. पण उद्यापासून त्या स्टोअरच्या बाईंना आळशी म्हणावं लागलं असतं."

"मग बस आता काउंटरवर. लाव डॉक्टरांना फोन."

उद्याबाईंनी तिच्यासमोरच फोन लावला. "डॉक्टर, मी बोलतेय. महिनाअखेरपर्यंत थांबू नका, दुसरी बाई बघा." आणि ठेवून दिला.

"आपण खायचं काय? दगड?"

"वन्सं, विमा काय लोकांनी मागितला म्हणून विकायचात तुम्ही?"

वहिनीने 'वन्सं' म्हटलं की माघार नाही, हे नणंदेला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तिने पायरी रुमालाने झटकली, बसली आणि पुढच्या संस्थेचा नंबर लावला.

"नमस्कार, मॅडम. कोर्सचं बोलायचं होतं. आधी एक सांगा, वर्गात तुम्ही स्वतः बसणार ना? तुमचं अडलेलं काम घेऊन?" तिने थोडं ऐकलं. "नाही ना? मग तुमच्या माणसांनाही नको."

तिने फोन कापला आणि त्याच्या पुढचा नंबर शोधू लागली.