टेबलाखालचा हुंकार

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत ती इस्त्रीला होती. ओलसर चादर गरम रुळांत सरकवायची, पलीकडून निघाली की घडी घालायची. तिथे तिला सगळे ताईच म्हणत. रूळ फिरताना खालच्या सुरात घुमायचे, आणि त्या घुमण्यात तिला कितीदा तरी दादाचा आवाज ऐकू यायचा. हातातली चादर तशीच धरून ती वळून बघायची. मागे नुसती वाफ असायची.

दादा तिचा थोरला भाऊ. तो बोलायचा नाही. भिंतीला पाठ लावून 'हूंऽऽ' असा लांबलचक हुंकार काढत बसायचा. ती नुकती शाळेत जायला लागली होती, तेव्हा आईवडील त्याला तपासायला घेऊन गेले. त्याला एकट्यालाच आत नेलं, दार लावलं. बाकी सगळे बाहेर बाकावर. आतून एका माणसाचे चढत जाणाऱ्या आवाजातले प्रश्न ऐकू येत होते, आणि मधूनच दादाचा हुंकार. दार उघडलं तेव्हा त्या माणसाने एकच शब्द सांगितला: मतिमंद. दादाला लांबच्या एका संस्थेत ठेवलं. पुढच्याच हिवाळ्यात तो तिथे न्यूमोनियाने गेला. त्यानंतर घरात कुणी त्याचा विषय काढला नाही.

ताईची मुलगी तीन वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती. दिवसभर स्वतःभोवती गिरक्या घ्यायची, म्हणून बापाने तिचं नाव भिंगरी पाडलं होतं. एका दुपारी ताई भांडी विसळत होती आणि पडद्यामागून 'हूंऽऽ' आलं. तोच सूर, तेवढाच लांब. पडदा बाजूला करायला ताईचा हात धजेना.

नवरा फरश्या बसवायचा. सरळ माणूस. तो म्हणाला, "एकदा दाखवून तरी आणू."

"बोलेल ती. आपोआप बोलेल."

"आणि नाही बोलली तर?"

तपासणीची ठरलेली भेट ताईने काही ना काही सबब काढून दोनदा टाळली. शेवटी नवऱ्याने पुढच्या तारखेसाठी सुट्टी काढली, तेव्हा तिने दुसरा मार्ग धरला. चित्रांचे पत्ते आणले आणि कामावरून आली की पोरीला समोर बसवायला लागली. "हे काय? चेंडू. म्हण, चेंडू." भिंगरी तिच्या ओठांकडे टक लावून बघायची, मग कंटाळून कानांवर हात ठेवायची. ताईचा आवाज चढायचा. एकदा तो तिचा तिलाच ऐकू आला आणि ती दचकली. दादाच्या वेळी बंद दाराआडून आलेला तो आवाज अगदी असाच होता.

तपासणीच्या खोलीत खुर्च्या थोड्या आणि चटया जास्त होत्या. थेरपिस्टबाई केस पिकलेल्या, पायांत नुसते मोजे. नवरा बाहेर थांबायला निघाला तशा त्या म्हणाल्या, "दोघंही आत या. आईबाबांशिवाय मी मुलाला बघत नाही. आणि ही काही परीक्षा नाही, इथे कुणी नापास होत नाही."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. झोप कशी आहे, खाते काय, चिडली की काय करते. ताई भराभर उत्तरं देत होती. छान झोपते. सगळं खाते. घरी तर बोलते, इथे लाजतेय. नवरा तिच्याकडे बघतच राहिला.

बाईंनी लाल चेंडू पुढे केला. भिंगरीने चेंडू पाहिला, आईकडे पाहिलं, दोन्ही हात कानांवर ठेवले आणि सरळ टेबलाखाली शिरली.

"घरी घोकून घेत होता का?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "बरेच जण घेतात. पण मग मला मूल दिसत नाही, घोकंपट्टी दिसते. वाईटातला वाईट दिवस कसा असतो, तो सांगा. मदत त्यावरच ठरते."

तेवढ्यात टेबलाखालून हुंकार आला. ताईने खुर्चीची कड घट्ट धरली.

बाई जमिनीवर आडव्या झाल्या, गाल चटईला टेकवला आणि त्याच सुरात म्हणाल्या, "हूंऽऽ."

भिंगरी गप्प झाली. वाट पाहिली. मग पुन्हा हुंकार दिला, आखूड. बाईंनीही आखूड दिला. असं कितीतरी वेळ चाललं, आणि टेबलाखालून हसण्याचा आवाज आला.

"साद घालतेय ती," बाई उठून बसत म्हणाल्या.

म्हणजे दादाही साद घालत होता. भिंतीला पाठ लावून, रोज, सगळ्यांना. आणि घरात एकानेही ओ दिली नव्हती. तिला रडू आवरेना. मग तिने सगळं सांगितलं: झोपेची रड, खाण्याची रड, पत्ते, आणि दादा.

बाईंनी मधे तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाल्या, "आधी कान तपासून घ्या. त्याआधी मी कसलंही नाव देणार नाही."

"दार आपटलं की वळून बघते ती," नवरा म्हणाला.

"तो जाड आवाज. बारीक आवाज पोचत नसतील तर बोलणं तिला भिंतीपलीकडच्या कुजबुजीसारखं वाटत असेल. आजच्या एका भेटीवर काही ठरत नाही. अहवाल देईन तो वाचा. कळलं नाही, पटलं नाही, तर येऊन विचारा."

कान तपासले. बाईंना वाटलं होतं तेच निघालं: खालचे सूर ऐकू येत होते, वरचे जवळजवळ नाहीत. दोष रक्तातूनही येऊ शकतो, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

भिंगरीला कानाची यंत्रं बसली, थेरपी सुरू झाली. चमत्कार झाला नाही. पहिले काही दिवस ती यंत्रं काढून फेकायची. मग एकदा नळाखाली हात धरून पाण्याचा आवाज ऐकत उभी राहिली, हलेचना. शब्द आले ते उशिरा, अर्धेमुर्धे.

दादाचाही दोष कानांचाच असावा, हे आईला सांगायचं नाही, असं ताईने मनाशी ठरवलं होतं. पण म्हातारी भेटायला आली आणि नातीच्या कानामागचं यंत्र बघत राहिली.

"मतिमंद नाही म्हणतात ना ही?"

"नाही."

म्हातारीने नातीचे केस बाजूला सारले, पुन्हा नीट केले. "त्याचे कान कुणी बघितलेच नव्हते गं."

"नव्हते, आई."

"मी विचारायला हवं होतं का?"

ताईला खोटं बोलवेना आणि हो म्हणवेना. "तेव्हा तुला कुणी आत तरी घेतलं होतं का?" ती म्हणाली.

मग म्हातारीने विचारलं, थेरपी कधी असते, आणि आजीला आत बसू देतात का. पुढच्या खेपेला ती आली. गुडघे दुखत असूनही खुर्ची नको म्हणाली, चटईवर बसली आणि भिंगरीकडे चेंडू घरंगळवत राहिली.