वाटीभर हरीस

मंदीत आधीची बांधकाम कंपनी बुडाली तेव्हा वसईची इनेज शारजातल्या एका होम-नर्सिंग कंपनीच्या ऑफिसात लागली. शेवटच्या आजारातल्या माणसांची घरी शुश्रूषा व्हायची आणि खर्च सरकारी विमा द्यायचा. मात्र पेशंट खालावतोय असं डॉक्टरांनी ठरावीक मुदतीनं लिहून द्यायचं, नाहीतर नर्स बंद.

एका म्हाताऱ्या पेशंटच्या मंजुरीची मुदत संपत आली होती, तेव्हाच त्याच्या मुलीचा, उम्म सैफचा फोन आला. "आज बाबाने वाटीभर हरीस खाया, हबीबती," ती मोडक्या हिंदीत हरखून सांगत होती. हरीस म्हणजे गहू आणि मटणाची मऊ लापशी.

मुदतवाढीचे कागद इनेजच भरायची. हे लिहावं तर नर्स जाणार, लपवावं तर खोटं. तिला खुर्चीत बसवेना. शेवटी ती त्या कागदांवर सही करणाऱ्या डॉक्टर निनादांकडे गेली.

"मागच्या नोट्स बघून सही नका करू, डॉक्टर. आजच त्यांना बघून या."

दुपारभर ती आत-बाहेर करत राहिली. डॉक्टर परतले ते म्हणतच, "वजन आणखी घटलंय. नर्समुळे दुखणं आवाक्यात आहे, म्हणून चार घास गेले. तसंच लिहितो."

मंजुरी आली. पण उम्म सैफला फोन लावल्यावर वजन घटल्याचं इनेजनं गाळलं. नर्स राहणार, एवढंच तिनं सांगितलं. का राहणार, ते पलीकडून कुणी विचारलं नाही.