मावशीची बंद उघाडी

एम.एस्सी.ला असताना सॅमन आणि ट्राउट माशांच्या मज्जासंस्थेचे विषाणुजन्य रोग मी इंग्रजीतून पाठ केले होते. थंड नद्यांतले ते मासे कधी पाहिले नव्हते. परीक्षेत बरे गुण मिळाले, तेवढंच.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीला मावशीकडे गास गावी होते. तिने खाडीकाठच्या खाजणातल्या तळ्यात जिताडा माशाची पिल्लं सोडली होती. बोटाएवढी, दक्षिणेतल्या हॅचरीतून आणलेली. पंधराएक दिवसांनी ती गोल गोल गिरक्या घेऊ लागली, काळवंडली आणि एकेक करून पोट वर करून तरंगू लागली.

शेजारच्या तळ्याचे काका बांधावर आले. "पानी शिळं झालंय, वहिनी. ओहोटीला उघाडी उघडा, भरतीला नवं पानी घ्या."

इथे सगळे तसंच करतात. उघाडी म्हणजे तळ्याचं दार. ते उघडलं की जुनं पाणी खाडीत जातं, आणि त्याच खाडीवर पुढची आठ-दहा तळी भरतात. काकांचंही.

मी चारचौघांत बोलत नाही. मावशीच्या कानाशी जाऊन म्हटलं, "अशा गिरक्या म्हणजे मेंदूचा रोग असेल. विषाणू. पाण्यातून पसरतो."

"नक्की?"

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार."

"औषध?"

"नाही."

काकांनी ऐकलं होतं. "पुस्तकातला मासा कालवनात पडतो का गो, बाय?" ते हसले.

नव्या पाण्याने उरलेली पिल्लं वाचतील, अशी आशा मावशीलाही होती. मग ती म्हणाली, "भावजी, पोरगी चुकली तर माझं एक तळं जाईल. ती बरोबर असली नि मी उघाडी उघडली, तर तुमचं सगल्यांचं."

तिने उघाडीच्या फळ्यांच्या फटी चिखलाने लिंपल्या. मेलेली पिल्लं जाळीने काढून चुन्यात पुरली. नमुना आमच्या कॉलेजच्या सरांनी तपासायला पाठवला. उत्तर येण्याआधीच तळ्यात एकही पिल्लू उरलं नाही.

महिन्याने अहवाल आला. रोग तोच होता. काका स्वतःहून तळं निर्जंतुक करायला, ब्लीचिंग पावडर टाकायला आले. मला मात्र तो मधला महिना आठवतो. काहीच ठरलेलं नव्हतं, तळ्यात पाणी होतं पण पिल्लू एकही नव्हतं, आणि उधाणाच्या प्रत्येक भरतीला मावशी चिखलाचा गोळा घेऊन फळ्या तपासायला जात होती.