महादूच्या खिडकीतून माझं घर

आळीत घर विकायला निघालं की मी बघायला जातो. घ्यायचं काही नसतं. रविवारी माझ्या घरामागच्या महादूचं घर बघायला उघडं ठेवलं होतं. महादू गेला, मुलं शहरात. दाखवणारा एजंट परगावचा, मला गिऱ्हाईकच समजला.

महादूकडं आयुष्यभर चहा प्यालो, पण ओट्यावर बसून. स्वयंपाकघरात पाऊल पहिल्यांदाच टाकलं. तिथल्या खिडकीतून माझ्याच घराची मागची बाजू दिसली. गिलावा पडलेला, खिडकी बंद. बायको गेल्यापासून ती मी उघडलेलीच नाही. माणसाला आपली पाठ दिसत नाही, तसंच घराचं. आत कुणी राहत असेल असं मलाच वाटेना.

"काका, तिकडं नका बघू," एजंट म्हणाला. "एकटा म्हातारा आहे, लई हट्टी. तो गेला की घर पाडतीलच. मग इथनं थेट डोंगर दिसेल बघा."

"हट्टी आहे ना? मग डोंगरासाठी थांबावं लागेल जरा," मी म्हणालो.

तो हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला. मी तिथंच उभा राहिलो, माझं घर नसल्यावर डोंगर कसा दिसेल ते बघत.